विरजणाचा नकाशा

"कुनाशी न्हाई बाई," शेवंताबाई म्हणाली आणि तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी तिच्या घराची झडतीच घ्यायला आले होते.

माझा प्रश्न साधा होता. गावात तुम्ही सगळ्यांत जास्त कोणाशी बोलता? शेवंताबाई खालच्या गल्लीतली. ती हे उत्तर देत होती तेव्हा तिच्या उंबऱ्यावर दोन शेजारणी ठाण मांडून बसल्या होत्या. एक घेवडा मोडत होती, दुसरी शेवंताबाईच्या केसांचा गुंता सोडवत होती, आणि तिघींच्या गप्पा इतक्या रंगात आल्या होत्या की मी दारात येऊन उभी राहिले तरी त्यांना पत्ता नव्हता. या दोघींशी तरी बोलता ना, असं मी विचारलं.

"ह्या व्हय? ह्या आपल्या बसल्यात," शेवंताबाई म्हणाली. दोघींनीही माना डोलावल्या. मी कागदावर शून्य लिहिलं आणि पुढच्या दाराकडे वळले.

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. मी तेव्हा संख्याशास्त्राच्या एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते, डोंबिवलीत वाढलेली, आणि वारणाकाठच्या पाडळगावात पहिल्यांदाच आलेली. आमच्या तांबोळी सरांचं एक वेड होतं. गाव म्हणजे घरं आणि रस्ते नव्हेत, गाव म्हणजे ठिपके आणि रेघा, असं ते म्हणत. प्रत्येक माणूस एक ठिपका. अडलं की तो ज्याच्याकडे जातो, त्याच्याकडे एक रेघ, टोकाला बाण. सगळं गाव असं कागदावर उतरवलं की मग कुणाच्या मोठेपणाच्या गप्पा ऐकायला नकोत, नुसती आकडेमोड करायची. कुणाकडे किती बाण येतात ते मोजायचं. कुठला ठिपका पुसला तर गावाचे तुकडे होतात ते बघायचं. असा ठिपका हाती लागला की गावाची किल्ली मिळाली, असं सरांचं म्हणणं.

हे सगळं नुसतं विद्वत्तेसाठी नव्हतं. एका संस्थेला पाडळगावात एक आरोग्य सखी नेमायची होती. बाळंतिणीला काय खाऊ घालावं, तान्ह्या बाळाला जुलाब लागले तर काय करावं, हे घरोघरी पोचवणारी बाई. शिफारशीवर नेमलेल्या बायकांचं पुढे काय होतं हे संस्थेने पाहिलं होतं, म्हणून या वेळी निवड गणिताने करून बघू, असं सरांनी त्यांच्या गळी उतरवलं होतं. गणित करणार होते मी. सर शनिवारी येणार होते, आणि माझा प्रबंध त्या एका शनिवारावर टांगलेला होता.

तीन दिवसांत एकसष्ट बायकांना विचारून झालं आणि एकसष्ट जणींनी मला "कुनाशी न्हाई" असं सांगितलं. माझ्या कागदांवर विश्वास ठेवायचा तर पाडळगाव हे मुक्या बायकांचं गाव होतं.

मी राहत होते शाळेतल्या उपाध्ये बाईंकडे. माझी रड ऐकून त्या इतक्या हसल्या की त्यांच्या कपातला चहा बशीत सांडला. "अगं, कोणाशी बोलता म्हणजे कोणाच्या दारात जाऊन बसता, असं ऐकू येतं त्यांना," त्या म्हणाल्या. "सासू भिंतीपलीकडे कान लावून असते. कोण कबूल करेल? तू विरजणाचं विचार."

मला कळेना. बाईंनी समजावलं. दूध घरोघर आहे, पण विरजण कधी आंबतं, कधी मांजर तोंड घालतं, कधी पाहुणे आले की दही सगळं संपतं. मग वाटी घेऊन कुणाकडे तरी जावंच लागतं. त्यात लाज नाही आणि सासूची हरकतही नाही, उलट सासूच पाठवते. जिथे वाटी जाते तिथे बोलणं होतंच.

चौथ्या दिवशी मी प्रश्न बदलला. विरजण संपलं तर कोणाकडून आणता? आणि मुकं गाव बोलायला लागलं. इतकं बोलायला लागलं की माझी वही पुरेना. कोणाचं दही घट्ट लागतं, कोणाचं बुळबुळीत होतं, कोण वाटी देताना तोंड वाकडं करते, सगळं मला कळलं. एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू आली. दिवेलागण झाली की घरातलं दही बाहेर द्यायचं नाही, लक्ष्मी जाते, असा तिथला नेम होता. आणि पंचाईत अशी की संध्याकाळचं दूध तापून कोमट व्हायला दिवेलागणच होते, म्हणजे विरजण नाही हे नेमकं तेव्हाच लक्षात येतं. मग ज्या बाया तरीही देतात त्यांच्याकडेच सगळ्या पळतात. वरच्या गल्लीत अशी एक होती, त्यांना सगळे धाकल्या वैनी म्हणत. खालच्या गल्लीत लक्षीची आई. स्टँडजवळच्या मुजावर-शिकलगार घरांत सगळ्यांच्या तोंडी चौगुले भाभी. आणि माळावर धरणग्रस्तांची नवी वसाहत होती, तिथे हौसाक्का.

मतदारयादीत यांतली एकही सापडत नव्हती. सरांनी मला बजावलं होतं की यादीतल्या नावाने गावात कोणी कोणाला हाक मारत नाही. बायका जे नाव सांगतील तेच लिहा, आणि यादीशी मेळ नंतर घाला. पहिलं मी मन लावून केलं. दुसरं नंतरवर ठेवलं, आणि आळशी माणसाचं नंतर कधी उजाडतं हे सांगायला नको. शिवाय पाडळगावात चौगुल्यांचीच सतरा घरं. त्यात कुठली भाभी हे शोधायला कोण बसतं?

दुपारी मी जेवायला जायची काकूंकडे. उपाध्ये बाई शाळेत असत, म्हणून त्यांनीच ही सोय लावून दिली होती. काकूंचं घर खालच्या गल्लीच्या तोंडाशी, स्टँडच्या अंगाला. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागे चूल. काकू साठीच्या आसपासच्या, काटक, कमी बोलणाऱ्या. त्यांच्या हातची आमटी मला इतकी आवडायची की मी जेवताना त्यांना एकही प्रश्न विचारत नसे. वारणाकाठच्या बायका स्वतःबद्दल मी आलो, मी गेलो असंच बोलतात. पहिल्या दिवशी आतून "थांब, मी आलो" ऐकून कोणी पुरुष येतोय असं समजून मी ओढणी सावरली होती, आणि बाहेर आल्या काकू.

त्या आठवड्यात त्यांचा मुलगा म्हादू पिंपरीहून आला होता. कारखान्यात मशीनवर काम करणारा, पस्तिशीचा, सरळ माणूस. तो आईला न्यायला आला होता, कायमचं. महिन्यापूर्वी काकू भल्या पहाटे मोरीत घसरून पडल्या होत्या. तासभर तशाच पडून होत्या, मग कोणीतरी वाटी घेऊन आलं तेव्हा त्यांना उठवलं. म्हादूला हे पंधरा दिवसांनी कळलं, आणि तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. शनिवारी दुपारी बाराची एसटी ठरली होती.

काकूंना जायचं नव्हतं. त्या तसं बोलल्या नाहीत, पण दिवाळीनंतरच्या तारखेचे ब्लाउज शिवायला घेत होत्या, आणि गावात सांगितलं होतं की चार दिवस लेकाकडे जाऊन येतो. म्हादू जेवताना समजुतीच्या सुरात पुन्हा पुन्हा एकच विचारायचा. बाबा गेले, लेक निपाणीत आपल्या घरी सुखात आहे, मी तिकडे. मग इथे तुझं आहे कोण? काकू शिवणातून मान वर करायच्या नाहीत. मशीनचा पाय जरा जोरात चालायला लागायचा.

गुरुवारी मी त्यांचाही फॉर्म भरला. यादीत नाव होतं सत्यभामा गणपती चौगुले. विरजण कोणाकडून आणता, असं विचारलं तर म्हणाल्या, "कुनाकडनं न्हाई. माझं कधी संपत न्हाई." अडलं तर कोणाकडे जाता? कोणाकडेच नाही. आजारी पडलात तर? पडत नाही. मोरीतल्या पडण्याची मी आठवण करून दिली तर त्यांनी कात्री शोधायला सुरुवात केली.

त्या दिवशी दुपारी शाळेतल्या एका रिकाम्या वर्गात जमिनीवर ड्रॉइंग पेपर जोडून मी पाडळगावचा पहिला नकाशा काढला. काढता काढता मला इतका आनंद झाला की मी उठून एकटीच वर्गभर फिरले. गावाचे स्वच्छ चार तुकडे पडले होते. एका तुकड्यातून दुसऱ्यात जाणारी एकही रेघ नव्हती, आणि प्रत्येक तुकड्याच्या मध्यभागी एक बाई होती, जिच्याकडे सगळे बाण येत होते. लक्षीच्या आईकडे एकोणीस, धाकल्या वैनींकडे चौदा, हौसाक्काकडे अकरा, चौगुले भाभींकडे नऊ. पुस्तकातही इतकी देखणी आकृती नव्हती. कागदाच्या कोपऱ्यात एक ठिपका तेवढा एकटा पडला होता. त्याच्याकडून कुठे रेघ जात नव्हती, त्याच्याकडे कुठली येत नव्हती. सत्यभामा गणपती चौगुले. मला त्यांची कीव आली, आणि मी पुढच्या कामाला लागले.

शुक्रवारी जेवताना म्हादूने माझ्या हातातला गुंडाळलेला कागद पाहिला. मॅडम, हे काय शास्त्र आहे, असं त्याने विचारलं. मला तर विचारायचाच अवकाश होता. मी ठिपके सांगितले, रेघा सांगितल्या, बाण सांगितले. तो लक्ष देऊन ऐकत होता. मग त्याने सरळ विचारलं, "मग तुमच्या ह्या शास्त्रात माझ्या आईचं गावात कोण हाय?"

मला तेव्हाच गप्प बसता आलं असतं. बघून सांगते म्हणता आलं असतं. पण मी बावीस वर्षांची होते आणि माझ्या हातात आकडा होता. मी कागद उलगडला, कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि शून्य म्हणाले.

तो जिंकल्यासारखा हसला असता तर मला राग तरी आला असता. तो हसला नाही. त्याचा घास हातातच राहिला आणि चेहरा उतरला. आईचं कोणी नाही असं तो इतके दिवस म्हणत होता, पण कोणीतरी ते खोडून काढेल याची तो वाट बघत असावा. मशीन थांबलं होतं. काकूंनी सुईतला तुटलेला दोरा काढला, नवा ओवायचा प्रयत्न केला, आणि मग तो तसाच ठेवून दिला.

"बांध पेटी," त्या म्हादूला म्हणाल्या. "उद्याच्या गाडीनं जातो मी."

मला त्या आमटीची चव लागेना. तरी मनाशी मी म्हणत राहिले की खरं ते सांगितलं, खोटं सांगून म्हातारीला एकटीला इथे ठेवायचं का? असं शहाणपण सुचायला लागलं की समजावं, आतून काहीतरी टोचतंय.

शनिवारी सकाळी शाळा लवकर सोडून मोठ्या वर्गात बायका बोलावल्या होत्या. साठ-सत्तर तरी आल्या, खालच्या बाकांवर, खिडकीच्या कट्ट्यावर, जागा मिळेल तिथे. सर पहिल्या एसटीने आले आणि बाकावर मुलांसारखे गुडघे दुमडून बसले. मी पहाटे उठून पूर्ण फळाभर रंगीत खडूंनी नकाशा काढला होता. काकूही आल्या होत्या. शिवलेले ब्लाउज ज्यांचे त्यांना देऊन टाकावेत म्हणून, काखेत गाठोडं घेऊन. म्हादू दाराशी पेटीवर बसला होता आणि घड्याळ बघत होता.

मी बोलायला सुरुवात केली. पाडळगावाचे चार भाग आहेत, त्यांच्यात आपसांत काही देवघेव नाही, म्हणून एक आरोग्य सखी पुरणार नाही, चार लागतील, असं मी ठणकावून सांगितलं. मग लाल खडूने गोल केलेल्या ठिपक्यावर छडी ठेवली. खालच्या गल्लीत सगळ्यांत महत्त्वाची व्यक्ती म्हणजे लक्षीची आई.

"बराबर हाय," शेवंताबाई म्हणाली. खालच्या गल्लीने माना हलवल्या.

मी माळावरच्या वसाहतीकडे वळले. इथे हौसाक्का. त्यावर मागून द्वारकाबाई उठली. धरणात गाव गेलेली, माळावर सगळ्यांत आधी छप्पर घातलेली ही बाई, बोलायला खणखणीत. ती म्हणाली, हौसाक्का माळावर राहत नाही. ती आमच्या बुडलेल्या गावची लेक, चाळीस वर्षांपूर्वी इकडे दिलेली. लग्नात तांदळात नवं नाव लिहिलं म्हणून सासरी काय म्हणतात ते आम्हाला ठाऊक नाही, आमची ती हौसाच.

"मग त्या राहतात कुठे?" मी विचारलं.

"राहती कुठं म्हंजे? ही काय पुढ्यात बसलीया," द्वारकाबाई म्हणाली आणि तिने काकूंकडे बोट केलं.

शेवंताबाईने वळून पाहिलं. "ही? ही तर लक्षीची आई. निपाणीत दिलीया न्हवं लक्षी, माझ्या वर्गातली."

मग वरच्या गल्लीच्या चौगुल्यांतली एक सून पुढच्या बाकावरून हळूच म्हणाली की या तर आमच्या धाकल्या वैनी, धाकट्या चुलत सासऱ्यांच्या बायको. आणि खिडकीच्या कट्ट्यावरून रुक्साना मुजावर हसू दाबत म्हणाली, "मॅडम, चौगुले भाभी पन हेच."

मग जो गोंधळ उडाला तो मला अजून ऐकू येतो. सगळ्या एकदम बोलत होत्या. एकीला दुसरीचं पटत नव्हतं, की आपल्या लक्षीच्या आईला माळावरच्या बाया हौसा म्हणतात. द्वारकाबाई म्हणत होती की आमची हौसा दिवेलागणीला विरजण देते, तर शेवंताबाई म्हणत होती, लक्षीची आई पण देते, तुळशीचं पान वर ठेवून देते, म्हणते लक्ष्मी काय वाटीभर दह्यातनं जाती व्हय? ते वाक्य चारही बाजूंनी एकदम पुरं झालं. मधोमध काकू गाठोडं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि चोरी पकडल्यासारख्या जमिनीकडे बघत होत्या. मी छडी कोपऱ्यातल्या एकट्या ठिपक्यावर टेकवली आणि काकूंचं यादीतलं नाव हे, असं सरांना सांगितलं. फळ्यामागे दार असतं तर मी त्यातून निघून गेले असते.

सर उठले. ते चिडले असतील असं वाटलं होतं, पण त्यांचे डोळे लहान मुलासारखे चमकत होते. "घाणेकर," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "एका बाईला तुम्ही चार वेळा मोजलंत आणि पाचव्यांदा शून्य दिलंत."

त्यांनी डस्टर घेतला. चारही लाल ठिपके पुसले, कोपऱ्यातला एकटा ठिपका पुसला, आणि फळ्याच्या मधोमध एक मोठा ठिपका काढला. मग खडू माझ्या हातात दिला. मी सगळे तुटलेले बाण एकेक करून त्या ठिपक्यापर्यंत ओढून आणले. घाईत काही रेघा वाकड्या आल्या. पूर्ण झालं तेव्हा फळ्यावर चार तुकडे नव्हते. एकच गाव होतं.

"आता बघा," सर बायकांना म्हणाले आणि त्यांनी आपला तळहात मधल्या ठिपक्यावर ठेवला. गाव पुन्हा चार ठिकाणी फुटलं. हात काढला, जुळलं. पुन्हा ठेवला, फुटलं. मागच्या बायका उठून बघत होत्या. मग सरांनी संस्थेचा कागद काढून सत्यभामा चौगुले हे नाव लिहायला पेनाचं टोपण उघडलं, तेव्हा मला सांगावं लागलं की त्या बाराच्या गाडीने कायमच्या पिंपरीला चालल्या आहेत. का चालल्या आहेत तेही सांगितलं. शून्य मीच म्हटलं होतं, हेसुद्धा सगळ्यांसमोर सांगितलं. ते सांगताना मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही.

"कायमची?" शेवंताबाई म्हणाली. "चार दिसांनी येतो म्हणाली हुतीस की गं."

काकू उठल्या. फळ्याजवळ आल्या. अक्षरं त्यांना फारशी येत नव्हती, पण टेपचे आकडे आयुष्यभर वाचलेले. त्यांनी मधल्या ठिपक्यापासून बोटाने एकेक बाण मोजायला घेतला. वर्गात फक्त त्यांचं पुटपुटणं ऐकू येत होतं. मोजून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्रेपन्न म्हणाले. त्यांनी मान हलवली, त्यांचेही तेवढेच आले होते.

मग त्या दाराकडे वळल्या. "म्हादू, पिंपरीत माझ्या किती रेघा हुतील रं?"

म्हादू पेटीवरून उठला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्याने मनातल्या मनात जिना चढून बघितला असावा, शेजारची बंद दारं बघितली असावीत. "तीन," तो म्हणाला. "मी, रेखा आन् पिंकी." म्हणजे तो, त्याची बायको आणि मुलगी. मग तो म्हणाला, "पण आई, त्रेपन्न असूनबी तू तासभर मोरीत पडून हुतीस. ते काय?"

मी फळ्याकडे बघितलं आणि मला तेव्हाच दिसलं. त्रेपन्न बाण काकूंकडे येत होते. त्यांच्याकडून निघणारा एकही नव्हता. माझं शून्य पूर्ण चुकलेलं नव्हतं, अर्धं बरोबर होतं. सरांनाही ते दिसलं असावं, कारण त्यांनी काकूंना अगदी हळू विचारलं की तुम्ही कधी कोणाकडे काही मागितलंच नाहीत का?

काकूंनी नकारार्थी मान हलवली. गाठोडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"माझं एक काम हाय," त्या शेवटी बायकांकडे न बघता म्हणाल्या. "रातीचं कुनीतरी माझ्याकडं झोपाय या. मला हितंच ऱ्हायाचं हाय. पडलो तर उठवाय कुनीतरी पायजे, म्हंजे ह्याला घोर नगं."

एवढं बोलून त्यांनी पदराने तोंड पुसलं. गावभर विरजण वाटणं त्यांना याहून सोपं होतं.

"आई, हे आधी का न्हाई सांगितलंस?" म्हादूने विचारलं.

"मला मागता येत न्हाई रं. आन् 'तुला काय पायजे' म्हनून मला इचारलंय कुनी? तू न्हाई. ह्या पोरीनं बी न्हाई, हिच्या कागदावर तर बत्तीस प्रश्न हुते."

बायका हसल्या, सर हसले, मीही डोळे पुसत हसले. ते हसू ओसरायच्या आत हात वर गेले. द्वारकाबाईचा पहिला. ती म्हणाली, माहेर आमचं आहे, रोज मीच येणार, पाळीबिळी काही नको. शेवंताबाई म्हणाली, गल्ली आमची आहे, तू माळावरून रोज येणार केव्हा आणि जाणार केव्हा? वरच्या गल्लीच्या सुनेने सांगितलं की घरच्या माणसांना एक तरी वार ठेवा, नाहीतर आमची सासू आम्हालाच विचारेल. रुक्सानाने शुक्रवार सोडून कुठलाही वार मागितला. सर माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "घाणेकर, बाण काढा."

मी हिरवा खडू घेतला. काकूंच्या ठिपक्यातून बाहेर जाणारा पहिला बाण काढला, मग दुसरा, मग तिसरा. वार सात होते आणि हात अकरा, त्यामुळे भांडण जुंपलं. कोणीतरी लिहून घ्यायला हवं म्हणून म्हादूनेच पेटी उघडली, त्यातून कागद काढला आणि तो बाकावर बसून वार लिहायला लागला. काकू त्याच्या शेजारी उभ्या राहून कोणाला सोयीचं काय हे सांगत होत्या, अधूनमधून हसत होत्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. सरांनी मघाशी उघडलेल्या पेनाने संस्थेच्या कागदावर त्यांचं नाव लिहिलं.

बाराची एसटी स्टँडवर आली, दोनदा हॉर्न वाजवून निघून गेली. वर्गात तो हॉर्न सगळ्यांनी ऐकला असेल. म्हादूच्या तो लक्षात आला, तेव्हा गाडी नदीच्या पुलापलीकडे गेली होती आणि तो गुरुवारच्या पाळीवरून जुंपलेलं भांडण सोडवत होता.